पुस्तकातली आगगाडी, पडद्यावरची आगगाडी



एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला, की पाहून आलेल्यांत दोन तट पडतात. पुस्तक वाचलेले म्हणतात, "छे! मूळ गोष्टीची पार वाट लावली." न वाचलेले म्हणतात, "आता पुस्तक वाचायचे कशाला? सगळे पाहिलेच की!" मला वाटते, दोघांचेही थोडे चुकते. कसे, ते एका उदाहरणाने सांगतो.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही बंगाली कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली. निश्चिंदिपूर नावाचे खेडे. भिक्षुकी करणारा गरीब हरिहर, त्याची बायको सर्वजया, मुलगी दुर्गा आणि धाकटा अपू, एवढाच संसार. पुढे १९४४ च्या सुमारास तिची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली. नाव ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आपली आंब्याच्या कोयीची पिपाणी! तिची चित्रे काढली सत्यजित राय या तरुण चित्रकाराने. ती काढतानाच त्यांच्या मनात चित्रपटाचे बी पडले, आणि १९५५ साली तो पडद्यावर आला.

आता कादंबरीतली आगगाडी पाहा. या भावंडांना आगगाडी पाहण्याची केवढी हौस! एकदा दोघे रुळांच्या शोधात रानोमाळ भटकतात, पण हात हलवीत परत येतात. पुढे दुर्गा तापाने जाते. तिची गाडी पाहायची राहूनच जाते. गाव सोडताना अपू आगगाडीत बसतो, तेव्हा त्याला आपली दीदी आठवते. वाचताना गळा दाटून येतो तो या "राहून गेले"मुळे.

अडचण अशी, की कॅमेऱ्याला "नाही" हा शब्द येत नाही. लेखक एका ओळीत सांगून जातो, की तिने गाडी पाहिली नाही. कॅमेऱ्यात मात्र पुढे असेल तेच उमटते. जे घडलेच नाही, ते दाखवायचे कसे? राय यांनी प्रसंगच बदलला. काशगवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून दोघे धावत सुटतात, दूर धूर दिसतो. दुर्गा अडखळून मागे राहते आणि अपू एकटा रुळांपाशी पोचतो. नंतर अंथरुणाला खिळलेली दुर्गा त्याला म्हणते, बरी झाले की पुन्हा जाऊ. म्हणजे घटना बदलली, पण "राहून गेले" हे मात्र टिकले. याला मी वाट लावणे म्हणणार नाही.

असेल तेच उमटते, याचा अनुभव राय यांनाही आला. १९५२ साली त्यांनी याच गवतात चित्रणाला आरंभ केला. पुढच्या आठवड्यात जाऊन पाहतात तो काय, गुरांनी तुरे फस्त केलेले! तुरे पुन्हा येईपर्यंत वर्षभर थांबावे लागले. लेखकाचे गवत कोणी खात नाही, चित्रपटाचे खातात.

पण पडद्याचे स्वतःचे सामर्थ्यही आहे. हरिहर परगावाहून येतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी दाखवतो. ती गेली, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया फुटून रडते. पण ऐकू येतो तिचा आवाज नव्हे, तारशहनाईचा आर्त सूर. ते रडणे कोणाही आईचे होते.

मग पुस्तक वाचायचे कशाला? अपू आईकडून महाभारत ऐकतो, आणि त्याचा सगळा जीव गुंततो तो कर्णात. रथाचे चाक मातीत रुतलेला, एकटा पडलेला कर्ण त्याला रडवतो. त्या पोराच्या मनातले कुरुक्षेत्र शब्दांनीच उभे राहते. शिवाय चित्रपट कुटुंब बैलगाडीतून गाव सोडते तिथे थांबतो. कादंबरी पुढे काशीला जाते, हरिहरचा मृत्यू सांगते. तो भाग राय यांनी १९५६ च्या ‘अपराजितो’त घेतला.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तक आपल्या गावच्या वाचनालयात असेल. चित्रपट हल्ली मोबाईलवरही पाहता येतो. मुलांना आधी एक रात्र वाचून दाखवा, मग तोच प्रसंग चित्रपटात शोधायला सांगा. काय गाळले, काय घातले आणि का, एवढेच विचारा. "चांगले कुठले?" हा प्रश्न नंतर आला तरी चालेल.

ज्या मुलाने फक्त पडदा पाहिला, त्याला आई एका नटीच्या चेहऱ्याची दिसेल. ज्याने आधी वाचले, त्याला ती आपल्या घरातल्या आईसारखी दिसलेली असेल. तेवढी आपली आई त्याला आधी मिळू द्या; मग खुशाल चित्रपट दाखवा.