सही कोणाची, होकार कोणाचा?

पनवेलमध्ये पंप विकायचा म्हणजे गाठ पडते ती गृहनिर्माण संस्थेशी. पाणी देहरंग धरणाचे असो वा टँकरचे, खालच्या टाकीतून गच्चीवर चढवायला पंप हवाच. नवखा विक्रेता सरळ सेक्रेटरींना गाठतो. चहा होतो, कोटेशन दिले जाते, आणि "कमिटीत ठेवतो" हे ऐकता ऐकता उन्हाळा सरतो. सेक्रेटरी खोटे बोलत नसतात. उपविधींप्रमाणे ठरावीक रकमेपलीकडच्या दुरुस्तीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, आणि वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी काढावी लागते.

म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो, "मागचा पंप कोणी पसंत केला होता?" "निर्णय कोणाचा?" असे विचारले तर समोरच्याचा मान दुखावतो, हो! माझ्या प्रश्नावर मात्र नाव आपसूक येते. बहुधा वीज मंडळातून निवृत्त झालेले दुसऱ्या माळ्यावरचे काका. कमिटीत नसतात, पण सभेत त्यांनी मान हलवली की हात वर होतात. त्यांच्याशी किमतीचे नाही, माळे किती आणि हॉर्सपॉवर किती, हे बोलायचे. जिना चढताना सेक्रेटरी माझ्याबरोबर असतात. चेकवर खजिनदारांबरोबर सही त्यांचीच लागते.