साक्ष, स्मृती आणि न्याय



चालकांनी पत्रिकेवर आजचा विषय ‘न्यायालयातील मानसशास्त्रज्ञ’ असा छापला आहे. इकडे येताना वाटेत एक स्नेही भेटले. त्यांनी विचारले, “म्हणजे वकीलसाहेब, नुसता चेहरा पाहून खुनी कोण ते सांगणारी माणसे, तीच ना?” दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी ही समजूत घरोघर पोहोचवली आहे. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, असा चमत्कार करणारा मानसशास्त्रज्ञ आम्ही पाहिलेला नाही. आम्ही पाहिले ते याहून पुष्कळ साधे आणि, आमच्या मते, पुष्कळ उपयोगाचे आहे.

आमच्यापाशी मानसशास्त्राची पदवी नाही, हेही कबूल केले पाहिजे. जिल्ह्याच्या न्यायालयात फौजदारी वकिलीत आमचे केस पांढरे झाले. या शास्त्राकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. मनाला एक गोष्ट टोचत राहिली म्हणून वळलो. ती गोष्ट पुढे ओघाने येईलच.

मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ हे दोघे एक नव्हेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो, तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ मनाचे व्यवहार मोजतो, तपासतो, त्यांवर प्रयोग करतो. न्यायालयाचे दार आधी उघडले ते डॉक्टरांना. १८४३ साली लंडनमध्ये मॅक्नॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांच्या चिटणिसाला, एडवर्ड ड्रमंड यांना, गोळी घातली. डॉक्टरांच्या साक्षी ऐकून ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरविले, आणि देशभर गहजब उडाला. त्या गहजबातून जे नियम निघाले त्यांची छाया आपल्या १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमावर पडली, आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमातही ती कायम आहे. मानसशास्त्रज्ञाला मात्र फार काळ बाहेरच उभे राहावे लागले. अमेरिकेत १९६२ साली जेन्किन्स खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाला सांगावे लागले की, केवळ डॉक्टर नाही एवढ्याच कारणाने मानसशास्त्रज्ञाचे मत वगळता येणार नाही. खालच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला ती मते विसरून जाण्यास सांगितले होते! ऐकलेली गोष्ट आज्ञेने विसरता येते, अशी कायदेपंडितांची समजूत असावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या शास्त्राने न्यायासाठी जी कामे केली त्यांत आम्ही सर्वांत मोठे मानतो ते साक्षीदाराच्या स्मृतीचे परीक्षण. गुन्हेगाराच्या मनापेक्षा साक्षीदाराच्या मनाने न्यायाला अधिक फसविले आहे, आणि तेही साक्षीदार खोटा नसताना!

ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे जर्मन पंडित अमेरिकेत हार्वर्ड येथे प्राध्यापक होते. साक्षीच्या मानसशास्त्रावर त्यांनी १९०८ साली एक पुस्तक लिहिले, त्यात स्वतःच्या फजितीची हकीकत दिली आहे. कुटुंबासह ते समुद्रकाठी गेले असता त्यांच्या घरी चोरी झाली. चोर सापडला, खटला उभा राहिला, आणि प्राध्यापकमहाशयांनी शपथेवर साक्ष दिली. चोर तळघराच्या खिडकीतून आले, मेणबत्तीचे ओघळ वरच्या मजल्यावर होते, मोठे घड्याळ त्यांनी कागदात गुंडाळून टेबलावर ठेवले होते आणि कपडे गेले ते इतकेच, असे त्यांनी सांगितले. थोड्याच दिवसांत कळले की चोर तळघराच्या दाराचे कुलूप मोडून आले होते, ओघळ माळ्यावर होते, घड्याळ टेबलावरच्या कापडात गुंडाळलेले होते आणि गेलेले कपडे सांगितल्याहून सात अधिक होते. स्मृतीवर प्रयोग करण्यात हयात घालविलेला माणूस, घर स्वतःचे, खोटे बोलण्याचे कारण काडीचेही नाही. आणि चारही विधाने चुकीची!

त्यांच्याआधी बर्लिनमध्ये फॉन लिस्ट या कायद्याच्या प्राध्यापकांनी आपल्या वर्गात एक भांडण घडवून आणले. दोन विद्यार्थी हमरीतुमरीवर आले, एकाने पिस्तूल काढले, बार उडाला. सगळे नाटक आधी ठरलेले होते. मग वर्गातल्यांना पाहिले ते लिहून काढण्यास सांगितले. ज्याच्या सर्वांत कमी चुका होत्या त्याचाही शेकडा २६ भाग चुकला होता, आणि सर्वांत जास्त चुकणाऱ्याचा शेकडा ८०. आणि हे सारे उद्याचे वकील नि न्यायाधीश!

म्युन्स्टरबर्ग यांच्या पुस्तकाने वकीलवर्ग संतापला. विग्मोर नावाच्या पुराव्याच्या कायद्यातील थोर पंडिताने १९०९ साली एक काल्पनिक खटला रचून त्यांची यथेच्छ टर उडविली. वकिलांची बदनामी केल्याबद्दल त्यांना एक डॉलर दंडही ठोठावला. थट्टेत तथ्य होते. म्युन्स्टरबर्ग यांचा दावा मोठा होता आणि हाती असलेले प्रयोग थोडे होते. आमच्या वकीलबंधूंना मात्र ती थट्टा पुढे कित्येक दशके पुरली.

आता ती टोचणी सांगतो. वकिलीच्या ऐन उमेदीत आमच्याकडे मारहाणीचा एक खटला आला. आम्ही आरोपीचे वकील. रात्रीची वेळ; शेजारची एक म्हातारी ओट्यावर बसली होती, तिने आरोपीला पळताना पाहिले होते. तिचे सांगणे सरळ होते, कुठे फट नव्हती. आम्ही उलटतपासणीला उठलो आणि अगदी गोड आवाजात विचारले, “आजी, त्याच्या हातात कंदील होता, तो उजव्या हातात की डाव्या?” कंदिलाचा उल्लेख तोवर कोणीही केला नव्हता. सरकारी वकील नवखे होते, त्यांनी हरकत घेतली नाही. आजी थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “डाव्या.” मग कंदिलाची वात मोठी होती की बारीक, काच फुटकी होती का, असे एकेक विचारत गेलो, आजी एकेक सांगत गेल्या. शेवटी पोलिसांपुढचा जबाब त्यांच्यापुढे धरला. त्यात कंदील नव्हता. बाई न्यायालयात नवे रचून सांगते आहे, असा आम्ही युक्तिवाद केला. साक्ष अविश्वसनीय ठरली आणि आरोपी सुटला. त्या दिवशी बाररूममध्ये आमची पाठ थोपटली गेली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आजी पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी रागावून नव्हे, खरोखरच जाणून घ्यायचे म्हणून विचारले, “वकीलसाहेब, कंदील होता का हो?”

आम्ही काही उत्तर दिले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एलिझाबेथ लॉफ्टस या विदुषीचा प्रयोग वाचनात आला आणि त्या पायऱ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी आणि त्यांचे सहकारी पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखविल्या. मग गाड्यांचा वेग किती होता ते विचारले. काहींना प्रश्नात ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे शब्द घातले, काहींना ‘गाड्या धडकून चुरडल्या तेव्हा’ असे. पहिल्यांनी सरासरीने ताशी ३१.८ मैल सांगितले, दुसऱ्यांनी ४० हून अधिक. फीत तीच, बदलले ते केवळ क्रियापद. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी एक आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. ज्यांना ‘आदळल्या’ असे विचारले होते अशा ५० पैकी ७ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. ‘चुरडल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. म्हणजे प्रश्न नुसते उत्तर ओढून काढीत नाही, तो स्मृतीत शिरून बसतो. आमच्या आजींना तो कंदील दिसू लागला होता. तो लावला आम्ही. सूचक प्रश्न सरतपासणीत विचारू नये, उलटतपासणीत चालतो, हा नियम १८७२ च्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. उलटतपासणी सत्य बाहेर काढण्यासाठी असते, असे आम्ही नव्या वकिलांना शिकवीत आलो. ती असत्य आतही घालू शकते, हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

याचे परिणाम किती भयंकर होतात, पाहा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ साली एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. त्या धीराच्या मुलीने, वाचलोच तर ओळखता यावा म्हणून, त्या माणसाचा चेहरा निरखून ठेवला. पोलिसांच्या छायाचित्रांतून तिने एकाला निवडले, मग रांगेतही त्यालाच निवडले. ठामपणा इतका की ज्यूरीने शंका घेतली नाही. दुसऱ्या सुनावणीच्या वेळी खरा गुन्हेगार तिच्यासमोर न्यायालयात आणला गेला. याला कधी पाहिलेच नाही, असे ती म्हणाली. रांगेत निवडलेला तरुण दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला; १९९५ साली डीएनए परीक्षेने तो निर्दोष ठरला. ती मुलगी खोटारडी नव्हती. आधी छायाचित्र पाहिले, त्यावरून चेहरा मनात ठसला, आणि मूळचा चेहरा त्याखाली पुसला गेला. अमेरिकेत डीएनए परीक्षेने सुटलेल्या पहिल्या ३७५ माणसांची छाननी झाली, तेव्हा शेकडा सुमारे ६९ प्रकरणांत अशी चुकीची ओळख आढळली.

मानसशास्त्रज्ञांनी यावर काढलेले उपाय अगदी साधे आहेत, खर्चाचे नाहीत. ओळखपरेड घेणाऱ्यालाच संशयित कोण हे ठाऊक नसावे, म्हणजे त्याच्या नजरेतून इशारा जाणार नाही. ‘गुन्हेगार या रांगेत असेलच असे नाही’ हे साक्षीदाराला आधीच सांगावे. आणि त्याला खात्री किती वाटते, हे त्याच क्षणी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कारण पुढे कोणी “शाबास” म्हटले की खात्री वाढत जाते. न्यू जर्सी राज्याने २००१ साली असे नियम लागू केले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत ओळखपरेडीविषयी बरीच काळजी घेतलेली आहे. एका संशयितामागे निदान अर्धा डझन माणसे उभी करावीत, परेडीच्या वेळी पोलीस तेथे नसावेत, दोन प्रतिष्ठित नागरिक हजर असावेत, असे त्यात सांगितले आहे. नियम चांगले आहेत. पण परेडीत उभी केलेली माणसे अंगलटीने नि वयाने आरोपीसारखी असावीत म्हणून धावपळ करताना आम्ही फारसे कोणाला पाहिले नाही.

या सगळ्याकडे पाठ फिरवून लोकांना जे आवडते ते म्हणजे ‘सत्य वदवून घेणारे’ यंत्र आणि ‘नार्को’ची सुई. गेल्या पिढीत वर्तमानपत्रांतून नार्कोचा केवढा बोलबाला झाला! पुण्याच्या सत्र न्यायालयाच्या २००८ सालच्या एका निकालात मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा परदेशी शास्त्रज्ञांनीही भुवया उंचावल्या. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी यांपैकी काहीही कोणावर सक्तीने करता येणार नाही. घटनेच्या २० (३) या अनुच्छेदाने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून जे संरक्षण दिले, ते अर्धवट गुंगीतल्या माणसालाही आहे. आमच्या मते तो निकाल शास्त्राच्या अंगानेही योग्य होता. गुंगीतला माणूस सत्य बोलतो असे नाही; तो अधिक बोलतो, आणि समोरचा सुचवील ते बोलतो. म्हणजे पुन्हा तोच कंदील!

आरोपीच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञाचे काम दोन ठिकाणी फार मोलाचे आहे. पहिले मुलांच्या बाबतीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाकडून घोर अपराध घडल्याचा आरोप असेल, तर त्याची क्षमता आणि परिणामांची समज मंडळाने आधी पारखायची असते. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. मूल प्रौढांच्या न्यायालयात जायचे की नाही, हे या पारखण्यावर ठरते. अर्ध्या तासाच्या गप्पांत ते उरकले जाऊ नये.

दुसरे फाशीच्या बाबतीत. १९८० च्या बच्चनसिंग निकालात न्यायालयाने म्हटले होते की, हा माणूस सुधारण्यापलीकडचा आहे हे सरकारने दाखवावे. बेचाळीस वर्षे लोटल्यावर, २०२२ सालच्या मनोज खटल्यात, आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल न्यायालयापुढे ठेवलाच पाहिजे असे सांगावे लागले. मधल्या काळात शिक्षेच्या प्रश्नावर वकिलाचे बोलणे अनेकदा असे असे : अशील गरीब आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत, दया व्हावी. तीन वाक्ये! आमच्या उमेदवारीच्या दिवसांत आम्हीही तेवढेच बोलत असू. तो लहानपणी कोणत्या घरात वाढला, डोक्याला मार लागला होता का, शाळा केव्हा सुटली, तुरुंगात आल्यापासून कसा वागतो, हे विचारावे असे कधी सुचले नाही. आता हे काम करणारा माणूस तुरुंगात जाऊन आरोपीजवळ बसतो, त्याच्या गावी जातो, आईशी बोलतो, शाळेतला जुना दाखला शोधतो. एका बैठकीत काही हाती लागत नाही. पुन्हा जावे लागते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ टेबलावर काढून ठेवले आहे, त्याचा अर्थ आम्हांला कळतो. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. मागच्या रांगेतील भगिनींनी मघाशीच हात वर केला होता, त्यांनी प्रथम विचारावे.