चुकलं कोण, रायफल की मी?

जामखेडहून एनसीसी कॅम्पला गेलो होतो. नवी रायफल हातात आली. पहिली गोळी डावीकडे गेली, म्हणून दुसरीला मी नेम उजवीकडे धरला. असं करत पाच गोळ्या पाच दिशांना! उस्ताद म्हणाले, "आता दुरुस्त कुणाला करू? रायफलला की तुला?" टीममधली जागा तिथंच गेली.

तर साइट झिरो करताना आधी एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या मारायच्या. साइटला हात लावायचा नाही. भोकं विखुरली, तर आधी आपलं बघायचं: श्वास, पकड, ट्रिगर. भोकं जवळजवळ, पण बाजूला पडली, तरच साइट हलवायची. गोळी जिकडे न्यायची, तिकडे बॅकसाइट. फोरसाइट मात्र उलट. दोन साइटमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर २५ मीटरवरची ५ सेंटीमीटरची चूक फक्त १ मिलिमीटरने सुटते. मग परत पाच गोळ्या.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, तेही दुर्बीण न लावता.

मी मात्र एका गोळीवर घाबरलो होतो. तुम्ही पाच होऊ द्या. भेटू पुढच्या भागात!