दर्यावरचं घड्याळ



सूर्य साताऱ्यात माथ्यावर येतो, त्याआधी दोनेक मिनिटं तो सांगलीत आलेला असतो, कारण सांगली जरा पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, असा हा हिशेब. समुद्रावर तोच उलटा मांडतात. अचूक वेळ ठाऊक असली, तर सूर्यताऱ्यांवरून जहाजाचा रेखांश काढता येतो. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर जागा एका सागरी मैलानं चुकते. जहाजांना अशी वेळ हवी होती, म्हणूनच 1826 मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा उभी राहिली. गणिती केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी तिथंच काम केलं.

जहाजावरच्या क्रोनोमीटरला, म्हणजे अचूक घड्याळाला, रोज ठरल्या वेळी किल्ली देत आणि रेडिओच्या ठोक्यांशी तो ताडून पाहत. मात्र काट्यांना हात लावत नसत. किती सेकंद मागे किंवा पुढे, एवढंच वहीत लिहीत. रोजची चाल कळली, की खरी वेळ हिशेबानं निघे.

आता नकाशे संगणकावर आले, इंजिनाचे अलार्मही संगणकावर आले. पण संगणकातलं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला एखाददुसरा सेकंद सहज चुकतं आणि उष्णतेनं त्याची चाल बदलते. जमिनीवर इंटरनेट ते परस्पर दुरुस्त करतं. भरसमुद्रात त्याचा भरवसा नसतो, म्हणून जहाजावरचा सर्व्हर जीपीएसकडून वेळ घेतो आणि बाकीच्या संगणकांना पुरवतो. अपघात झालाच, तर आधी अलार्म वाजला की आधी इंजिन बंद पडलं, हे नोंदींच्या वेळा जुळल्या तरच कळतं.

हल्ली पर्शियन आखातात, काळ्या समुद्रात जीपीएसचे संदेश अडवले जातात, खोटेही सोडले जातात. अशा वेळी सर्व्हरमधली प्रणाली जुनीच रीत पाळते. आपल्या घड्याळाची चाल तिनं आधीच नोंदवलेली असते, त्या आधारे ती वेळ सांभाळते.

आपल्या भागातून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रदेश बदलला, की जहाजाचं भिंतीवरचं घड्याळ तासानं मागेपुढे करा, पण संगणकाच्या नोंदी जागतिक वेळेवरच ठेवा. वेळ दोन ठिकाणांहून रोज पडताळा. फरक दिसला, तर आधी वहीत लिहा, मगच दुरुस्तीला हात घाला.