आवलीच्या बाजूने

(आषाढी एकादशीच्या कार्यक्रमात मंडळापुढे केलेले भाषण)



आज एकादशी. उपासाचे सारे आटोपून आपण येथे जमलो आणि ‘संत तुकाराम’ हा जुना बोलपट पुन्हा एकदा पाहिला. त्यावर चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी काही विदुषी नाही. तेव्हा पाहून जे वाटले ते सांगते.

हा बोलपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढला. दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. मुंबईत तो पन्नासाहून अधिक आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिले. पण ते इतके एकजीव झाले, की पुष्कळ लोक ते तुकोबांचाच अभंग समजतात. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती. अण्णा साळुंके यांनी ते काम केले. त्यानंतर तेवीसच वर्षांनी गौरी या नटीने आवली अशी उभी केली, की ती आपल्याच आळीतली वाटावी.

लहानपणी मी हा बोलपट यात्रेतल्या तंबूत पाहिला. मधे कनात, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. आवलीने तोंड सोडले की दोन्हीकडे हशा उसळे. आजारी पोराला ओढत, हाती पायताण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तेव्हा तर मी पोट धरून हसले. शेजारी बसलेली माझी आई मात्र हसली नाही. घरी येताना मी कारण विचारले, तर एवढेच म्हणाली, “हसायला काय झालं? पोराला बरं नव्हतं ना.”

माझे वडील वारकरी. दरवर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरीला पायी जात. पालखी निघे ज्येष्ठात, आणि पाऊसही त्याच सुमारास येई. मग पेरणी आईने करायची. बैल मागून आणायचे, बियाण्यासाठी उसने काढायचे. वडील परतले की गावातले लोक त्यांच्या पाया पडत. आईच्या पाया पडावे असे कोणाला सुचले नाही. मलाही नाही.

आज आवलीला पाहताना मला हसू आले नाही. तिचे भांडण म्हणजे घरचा हिशेब आहे. शिवाजी महाराजांचा नजराणा येतो, घर हरखते, आणि तुकोबा तो परत करतात. पूर्वी मला त्यात वैराग्य तेवढे दिसे. आज पोरांचे चेहरेही दिसले. आवली पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. १६२९-३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. पुढे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. त्याने कितीतरी कुळांचे संसार तरले, ते थोरच. पण ज्या घराने भूक पाहिली, त्या घरात उद्याची धास्ती बाळगणाऱ्या बाईला कजाग म्हणावे काय?

मी तुकोबांना उणे लेखत नाही. तेवढी माझी प्राज्ञा नाही. बोलपट काढणाऱ्यांनीही आवलीला दुष्ट केलेले नाही. ते काम सालोमालोकडे आहे. हसलो ते आपण. माझी तक्रार एकच. बोलपटात अडचण आली की चमत्कार होतो आणि ती सुटते. आपल्या घरी तसे होत नाही. तेथे कोणीतरी बाई उठून उसनवारीला जाते.

शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात आणि ती जात नाही. मुले सांभाळायची असतात. लहानपणी मला वाटे, केवढी संधी दवडली वेडीने! पण परंपरा सांगते, की तेव्हा ती गरोदर होती. पुढे नारायण जन्मला, आणि त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली. आज लाखो लोक ज्या पालखीपुढे माथा टेकतात, ती सुरू करणारा मुलगा आवलीने मागे राहून वाढवला. तुकोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी चूल तिनेच पेटवली असेल.

माझी आई आता नाही. तिला हे सांगायचे राहून गेले, म्हणून आपल्याला सांगितले. आपल्या घरातून, शेजारातून कोणी वारीला गेले असेल, तर परतल्यावर त्यांना नमस्कार जरूर करा. पण तसेच पुढे स्वयंपाकघरात जा. पेरणी, गुरे आणि पोरे सांभाळून जी मागे राहिली, तिच्याही पाया पडा. तिचीही वारी झालेली असते.