चार प्रश्न आणि एक कटिंग चहा

(१९८६ साली दहावी झालेल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा 'आयुष्याने मला काय शिकवलं' हा विषय सुचवला होता. माझ्या आधी तिघांचं आयुष्य ऐकून झालंय आणि जेवणाची वेळही जवळ आली आहे. म्हणून मी आपला गाड्यांवर बोलतो. गाड्या म्हणजे दुचाकी. चारचाकीला आमच्या कंपूत गाडी म्हणत नाहीत.

आपली तुकडी या बाबतीत भाग्यवान. त्याआधी रस्त्यावर काय होतं? बुलेट, राजदूत, येझदी. सरांची चेतक आणि बाईंची लूना. आपण नववी-दहावीत असताना एकापाठोपाठ एक जपानी शंभर सीसी आल्या. १९८४ ला इंड-सुझुकी, १९८५ ला हिरो होंडा सीडी हंड्रेड आणि यामाहा आरएक्स हंड्रेड. भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर कुणी कोणती टाकी काढली होती, ते मी आज सांगत नाही. सर समोर बसले आहेत.

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्वी फक्त सुप्रभात आणि वाढदिवस चालायचे. मग आम्ही एक रीत सुरू केली. दर शनिवारी रात्री मोटरसायकल शर्यतींवरचा एक प्रश्न. पहिलं बरोबर उत्तर देणाऱ्याला रविवारच्या राइडला कटिंग चहा फुकट. गुगल करून उत्तर दिलं तर सगळ्यांच्या चहाचे पैसे त्याने द्यायचे. त्यातले चार प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न. जपानमधला सुझुका ट्रॅक होंडाने बांधला, १९६२ मध्ये. पण त्याच्या एका वळणाला सुझुकीच्या स्वाराचं नाव आहे. कुणाचं?

उत्तर, अर्न्स्ट डेग्नर. हा पूर्व जर्मनीचा. एमझेड कंपनीसाठी शर्यती करायचा. तिथे वॉल्टर काडेन नावाचा अभियंता होता. महायुद्धात पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रात काम केलेला माणूस. त्याने टू-स्ट्रोक इंजिनाचा सायलेन्सर असा काही घडवला, की एवढ्याशा इंजिनातून भलतीच ताकद निघू लागली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि त्यानंतर साधारण महिन्याभराने डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून परस्पर पश्चिमेकडे पळाला. बायकामुलांना गाडीत लपवून आणलं होतं. काडेनची विद्या घेऊन तो सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याने सुझुकीला ५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. त्याच वर्षी सुझुकावर तो ज्या वळणावर पडला, त्या वळणाला आज त्याचं नाव आहे.

हा प्रश्न टाकला त्या रात्री एक गोष्ट घडली. आपला एक मित्र, नाव घेत नाही, पण बहुतेकांना कळेल. ज्याच्या गॅरेजमध्ये आपल्या सगळ्यांच्या गाड्या उघडल्या गेल्या. काही वर्षांपूर्वी त्याला पार्किन्सन्स झाला. हात थरथरायला लागले. आधी गाडी सुटली, मग पाना सुटला. ग्रुपवर तो होता, पण नुसता नावाला. फोन केला तर घरचे सांगायचे, झोपलाय. त्या रात्री साडेअकराला त्याचा आवाजी निरोप आला. सात मिनिटांचा.

त्याने काडेनचा सायलेन्सर समजावून सांगितला. म्हणाला, "अरे, सरांनी प्रतिध्वनी शिकवला होता, विसरलास काय? धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर दाबाची एक लाट पायपात जाते. पाईप आधी रुंद होतो, मग पुन्हा निमुळता. निमुळत्या भागावर आपटून लाट परत फिरते. तेवढ्यात सिलिंडरमधलं थोडं ताजं पेट्रोल धुराबरोबर बाहेर निसटायला लागलेलं असतं. ही लाट त्याला ढकलून परत आत घालते. आरएक्स हंड्रेडचा सायलेन्सर बदलला की गाडी का मरते, ते आता कळलं का?" तीस वर्षं आम्ही त्याला सायलेन्सर बदलून मागत होतो आणि तीस वर्षं तो आम्हाला शिव्या घालत होता. त्याचं कारण त्या रात्री समजलं. सर, तुमचा तो धडा एका माणसाला पुरता कळला होता.

तेव्हापासून प्रश्न तोच काढतो. सून टाइप करते. रविवारी कुणीतरी त्याला चारचाकीतून चहाच्या टपरीपर्यंत आणतं, आणि त्या दिवशी त्या चारचाकीलाही आम्ही गाडी म्हणतो.

दुसरा प्रश्न मैत्रिणींसाठी. सोलो मोटरसायकल रोड रेसिंगमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री कोण? आना कारास्को, स्पेनची. २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० या गटात, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. आणि पुढच्याच वर्षी आपल्या बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने बाहा प्रकारच्या शर्यतींत महिलांचा विश्वचषक जिंकला. हे सांगितल्यावर आपल्या एका मैत्रिणीने विचारलं, "मग तुमच्या राइडला आम्हाला का नाही बोलवत?" प्रश्न रास्त होता. आता तिघी येतात, आणि ठरल्या वेळेला सगळ्यात आधी त्याच हजर असतात.

तिसरा प्रश्न. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि तुमच्या डोक्यावरचं हेल्मेट, यांचा संबंध काय?

टी. ई. लॉरेन्सला ब्रफ सुपीरियर या मोटरसायकलचं वेड होतं. मे १९३५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या एका साध्या गावरस्त्यावर सायकलवरची दोन मुलं चुकवताना तो पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे महायुद्धात लष्कराचे निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार डोक्याला मार लागून मरत होते, त्यांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्कराने हेल्मेट सक्तीचं केलं. आपण जे कोपरात अडकवून फिरतो आणि चौकात हवालदार दिसला की डोक्यावर चढवतो, त्यामागे एवढी कथा आहे.

चौथा प्रश्न शेवटचा. नऊ वेळा विश्वविजेता आणि आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत चौदा वेळा पहिला आलेला माइक हेलवुड कसा गेला?

टीटी म्हणजे काय ते माहीत नसेल त्यांना सांगतो. साठ किलोमीटरची एक फेरी, गावांतून, दगडी भिंतींच्या आणि घरांच्या कडेने. शंभरहून जास्त वर्षांत तिथे अडीचशेहून अधिक स्वार गेले आहेत. हेलवुड तिथे अकरा वर्षांच्या खंडानंतर १९७८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी परतला आणि डुकाटीवर जिंकला. अशा माणसाला काय होणार? १९८१ मध्ये बर्मिंगहॅमजवळ तो मुलांना घेऊन चारचाकीतून मासे आणि चिप्स आणायला निघाला होता. एक लॉरी नियम मोडून मध्येच वळली. तो आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी गेली.

हे उत्तर वाचल्यावर त्या शनिवारी ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे. शर्यतीत जोखीम असते, जबर असते. पण तिथे रस्ता बंद केलेला असतो, सगळे एकाच दिशेने जात असतात, पिवळा झेंडा दिसला की जगज्जेताही ओव्हरटेक करत नाही. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उकाड्यामुळे २४ फेऱ्यांची शर्यत २१ फेऱ्यांची केली. जगातले सगळ्यात वेगवान लोक, पण ऊन पाहून फेऱ्या कमी करण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आपल्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर येतो, बाजूने म्हैस येते, आणि उलट्या बाजूने आपलाच भाचा येतो. तिथे वेगाचं कौतुक करायला जागाच नाही.

आपली मुलं, काहींची नातवंडंसुद्धा, आता दोनशे-चारशे सीसीच्या गाड्या मागतात. त्यांना नाही म्हणू नका. आपणही मागत होतो. पण वेगाची हौस असेल तर त्यांना चेन्नईच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर शिकायला पाठवा. तिथे पहिल्यांदा ब्रेक कसा दाबायचा ते शिकवतात. घाटातल्या व्हिडिओपेक्षा त्याला खर्च जास्त येतो, हे खरं. पण हॉस्पिटलपेक्षा बराच कमी.

आणि आमच्या राइडला या. रविवारी सकाळी सहा वाजता, शाळेच्या फाटकासमोर. वेग ताशी पन्नासच्या आत, कारण अर्ध्यांचे गुडघे आणि उरलेल्यांच्या कंबरा त्यापुढे परवानगी देत नाहीत. हेल्मेट नसेल त्याला चहा नाही, हा नियम गुरुजनांनाही लागू आहे. ज्यांना गाडी चालवणं जमत नाही त्यांनी टपरीवर थेट यावं. प्रश्न काढणारा तिथे सात वाजता येऊन बसलेला असतो, आणि उत्तर चुकलं तर अजूनही शिव्या घालतो.