ठकीची वंशावळ

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला "कॉम्प्युटरवर काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण तो विषय तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. म्हणून मी आज आमच्या कुत्रीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव ठकी. लॅब्रॅडॉर आहे, वय वर्षं दहा.

सुरुवात मात्र ठकीच्या बरीच आधीची आहे. १२ मार्च १९९३. आपण आठवीत होतो. प्लाझाजवळ स्फोट झाला, सेंच्युरी बाजारजवळ झाला, आणि घरी पोचेपर्यंत कोणाचे वडील कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याला एक नाव पाठ झालं होतं : जंजीर. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडॉर. तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब त्याच्या नाकामुळे सापडले. नोव्हेंबर २००० मध्ये तो कर्करोगाने गेला, तोही आपल्या परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलमध्ये. फुलांनी झाकलेल्या जंजीरला सलाम करणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेलच.

तेव्हापासून मनात होतं, कुत्रा घ्यायचा तर जंजीरसारखा. २०१५ मध्ये योग आला. मी इंजिनिअर, म्हणजे आधी एक्सेल शीट उघडणार. कामाच्या कुत्र्यात दोन गोष्टी बघतात. एक स्वभाव : धीट की भित्रा, शांत की चिडका. दुसरी, ज्याला इंग्रजीत ड्राइव्ह म्हणतात, ती कामाची खुमखुमी : चेंडू दिसेनासा झाला तरी तासभर शोधत राहण्याची. बॉम्ब शोधणाऱ्या कुत्र्याला दोन्ही लागतं. खुमखुमी हवी, पण वास लागल्यावर पंजाने उकरायचं नाही, गप बसून राहायचं. उकरलं तर काय होईल ते सांगायला नको.

मी एका वेताची पाच पिढ्यांची पेडिग्री मिळवली. आई-बाप, आजे-पणजे, सगळं शीटमध्ये भरलं. नऊ ठिकाणी नावापुढे 'चॅम्पियन' होतं. म्हटलं, हेच पिल्लू. पैसे किती मोजले ते आईला अजून सांगितलेलं नाही. आज ती इथे आलेली आहे, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

ठकी घरी आली आणि पलंगाखाली गेली. कुकरची शिट्टी झाली की थरथर. चेंडू टाकला की चेंडूकडे बघायची, मग माझ्याकडे, जणू 'तुझा पडलाय' असं सांगतेय. गणपतीत लालबागच्या बाजूने ढोल सुरू झाले तेव्हा तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मी रोज शीट उघडून बघायची, कुठे चुकलं? एकदा आई म्हणाली, "अगं, कुत्री आणलीस की मशीन?"

शेवटी ब्रीडरला फोन केला. तो लगेच म्हणाला, "मॅडम, काळजी नको, बदलून देतो." मी विचारलं, "परत घेतलेल्या पिल्लाचं काय करता?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघू काहीतरी." फोन ठेवल्यावर मी पलंगाखाली डोकावले. ठकीने शेपटी दोनदा आपटली. परत पाठवायचा विषय तिथेच संपला.

पण इंजिनिअरला चूक सापडल्याशिवाय झोप येत नाही. पहिली चूक सापडली ती अशी, की चॅम्पियन कशाचे, हे मी विचारलंच नव्हतं. ते सगळे डॉग शोचे चॅम्पियन होते. डोकं, पाठ, शेपटी, चाल यांचे गुण मिळालेले. कामाची परीक्षा त्यातल्या एकानेही दिलेली नव्हती. मी रकान्याचं शीर्षक न वाचता आकडे जोडत बसले होते. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

दुसरी चूक गणिताची. पिल्लू आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे गुण घेतं, पण कोणते निम्मे ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. पत्त्यांचा कट दर वेळी नव्याने पिसावा तसं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मंच सारखं निघतं. पणज्याचा वाटा सरासरी एक-अष्टमांश. पाचव्या पिढीतल्या थोर पूर्वजाचा बत्तिसावा हिस्सा. त्याच्या नावाचे मी पैसे मोजले होते!

तिसरी चूक सगळ्यात मोठी. पेडिग्रीत फक्त पुढे ज्यांची पैदास झाली त्यांचीच नावं असतात. पणजोबा चॅम्पियन, हे लिहिलेलं असतं. त्याची सात भावंडं पलंगाखाली बसायची की नाही, हे लिहिलेलं नसतं. ब्रीडरने पिल्लांच्या फोटोंसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. त्यावरून मी ठकीच्या सातही भावंडांच्या मालकांना गाठलं. सहा जण बोलले. दोन पिल्लं चेंडूसाठी वेडी, दोन साधी-सरळ, आणि दोन अगदी ठकीसारखी, फटाक्यांना घाबरून बाथरूममध्ये लपणारी. एका मालकाने पिल्लांची आई पाहिली होती. ती अनोळखी माणूस दिसला की मागे सरायची. मी गेले तेव्हा ती मागच्या खोलीत होती आणि मी 'दाखवा' म्हटलं नव्हतं. पिल्लंही आठ आठवडे त्याच खोलीत वाढलेली. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्या काळात जे आवाज, जी माणसं त्याने पाहिली नाहीत, त्यांची भीती पुढे काढणं जड जातं. म्हणजे ठकीच्या भीतीत रक्तही होतं आणि ती खोलीही.

मग रक्ताला अर्थच नाही का? तर आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मदतनीस कुत्र्यांची ३७५ पिल्लं आठ आठवड्यांची असताना तपासली. माणसाच्या बोटाच्या दिशेने जाणं, चेहऱ्याकडे बघणं, यातला ४० टक्क्यांहून जास्त फरक आनुवंशिक निघाला. पण २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात १८,००० हून जास्त कुत्र्यांची माहिती गोळा केली, तर एकेका कुत्र्याच्या वागण्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता आला. आणि अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेल्या पिल्लांतलीही निम्म्याच्या आसपासच शेवटी कामावर लागतात. थोडक्यात, वंशावळ त्या वेताबद्दल अंदाज देते. समोरच्या पिल्लाबद्दल हमी देत नाही.

तुमच्यापैकी कोणी पिल्लू घेणार असेल तर एवढंच करा. चॅम्पियन कशाचा ते विचारा. आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि वंशावळीत वर बघण्यापेक्षा आजूबाजूला बघा. याच आई-बापांच्या आधीच्या वेतातली पिल्लं कशी निघाली, तेही विचारा, आणि चांगलीच नव्हे, सगळी.

ठकीचं पुढे काय झालं? रस्त्यावर ती आजही भित्रीच आहे. पण घरात, दारं लावून, मी सुकटीची पुडी लपवली तर ती कपाटामागून, चपलांच्या ढिगातून, बंद डब्यांतून बरोबर काढते. नाक होतं, खुमखुमीही होती. फक्त शांत जागा हवी होती.

आता शेवटचं. आपल्या शाळेच्या जिन्यापाशी गुणवंतांचा फलक आहे. आज सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले. माझं नाव त्यावर नाही. वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली, आणि माझ्या 'पेडिग्री'त दहावीच्या पुढे गेलेलं कोणीच नव्हतं. नववीत गणिताच्या बाईंनी मला शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसवायला सुरुवात केली, कारण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास होणं शक्य नव्हतं. माझ्या घराण्याची चौकशी त्यांनी केली नाही. वहीच पाहिली. बाई समोर बसल्या आहेत, आणि नाव घेतलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून घेत नाही.

फलक म्हणजे शाळेची पेडिग्री. त्यावर वर गेलेल्यांची नावं असतात. आज या हॉलमध्ये पूर्ण वेत जमलं आहे : डॉक्टर, बेस्टचे कंडक्टर, पोळी-भाजी केंद्र चालवणारी आपली मैत्रीण, तीन वेळा नापास होऊन आता वर्कशॉप काढलेला मित्र. या स्मरणिकेत सगळ्यांची दोन-दोन ओळींची माहिती छापा, असा आग्रह मी संयोजकांकडे धरला होता आणि त्यांनी तो मानला. त्याबद्दल त्यांचे आभार.

आणि बाई, तुमची ती खोली अजून आठवते.